नऊ फुटांचं स्थलांतर

केशोरीतील सेवानिवृत्त कार्यालयीन अधीक्षक भोजराज कापगते यांच्या स्वयंपाकघरातलं भांडी घासायचं सिंक मागच्या दाराजवळून काढून खिडकीखाली, म्हणजे मोजून नऊ फूट पूर्वेला न्यावं, अशी मागणी त्यांच्या पत्नी सुमित्राबाई यांनी जून महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात केली. मागणी तोंडी होती. तिच्यातली ही पहिली त्रुटी.

मागणीला कारण होतं. घरात दोन्ही वेळचा भात. भात शिजला की गंजातलं, म्हणजे भाताच्या पातेल्यातलं, उकळतं पाणी काढायला गंज सिंकपाशी न्यावा लागे. शेगडी खिडकीखालच्या ओट्यावर आणि सिंक पार दुसऱ्या टोकाला. मधून बैठकीतून मागच्या आंगणात जायची वाट. सत्तावीस वर्षं सुमित्राबाई हातात गरम गंज धरून 'सरका, सरका' म्हणत ही वाट ओलांडत आल्या होत्या. जूनमध्ये एके दिवशी त्या 'सरका' म्हणाल्या, पण समोरून येणाऱ्या माणसाला ते वेळेत ऐकू आलं नाही. गंज हिंदकळला आणि डाव्या पायावर पाणी सांडलं. आठ दिवस त्यांना चप्पल घालता आली नाही.

भोजराजांची चौतीस वर्षं एका पाटबंधारे कार्यालयात गेली होती. पाणी या विषयाचा त्यांचा अभ्यास दांडगा होता, फक्त प्रत्यक्ष पाण्याशी कधी संबंध आला नव्हता. निवृत्त होताना त्यांनी कार्यालयातून काही आणलं नाही, असं ते अभिमानाने सांगत. सवयींची तेव्हा कोणी झडती घेतली नव्हती.

"लेखी दे," ते म्हणाले.

"घरातल्या घरात कायले लेखी?" सुमित्राबाई म्हणाल्या.

"उद्या तू म्हणशील, मी असं बोललेच नव्हते."

"मी कायले असं म्हणू? पाय माहा भाजला."

"म्हणूनच सांगतो. तोंडी मागणीला आधार नसतो."

सुमित्राबाईंनी मागच्या वर्षीच्या कॅलेंडरचं एक पान फाडलं आणि कोऱ्या बाजूवर दोन ओळी लिहून दिल्या. भोजराजांनी कागदाचा वरचा भाग पाहिला आणि म्हणाले, "दिनांक नाही." त्यांनी दिनांक घातला. "विषय नाही." त्यांनी विषय घातला. मग भोजराजांनी कागदाचा खालचा भाग पाहिला आणि म्हणाले, "सही कोपऱ्यात हवी." सही कोपऱ्यात गेली. अर्ज स्वीकारला गेला. त्याला भोक पाडून तो फाइलला लागला, आणि सुमित्राबाईंना वाटलं की आता काम होईल. त्या नोकरीत कधी नव्हत्या, त्यामुळे त्यांना तसं वाटणं साहजिक होतं.

दुसऱ्या दिवशी समिती नेमली गेली. अध्यक्ष भोजराज, सचिवही भोजराज, आणि सदस्य दुलीचंद. हा दुलीचंद भोजराजांच्याच कार्यालयातला शिपाई. दोघं एकाच वर्षी निवृत्त झाले होते. दुलीचंद अजूनही रोज अकरा वाजता यायचा, "साहेब" म्हणायचा आणि दारालगतच्या स्टुलावर बसायचा. सुमित्राबाईंना समितीत घेता आलं नाही, कारण त्या लाभार्थी होत्या. लाभार्थी समितीत बसला की निर्णयाच्या निःपक्षपातीपणाला बाध येतो. समितीचा चहा मात्र लाभार्थ्यानेच करायचा होता.

पहिल्या बैठकीत जागेची पाहणी ठरली. दुसऱ्या बैठकीत पाहणी झाली. तिसऱ्या बैठकीत पाहणी झाली असल्याची नोंद झाली. प्रत्येक बैठकीचे कप जुन्याच सिंकमध्ये घासले गेले.

मग हरकती आणि सूचना मागवणारी नोटीस पंधरा दिवस स्वयंपाकघराच्या दाराला डकवण्यात आली. घरात चार माणसं. सून रेणू नोटीस वाचून म्हणाली, "मामाजी, मले काई हरकत नाई. लवकर करा." तोंडी असल्यामुळे हे धरता आलं नाही. मुलगा अश्विन अर्जुनीला शाळेत मास्तर होता. ताट वेळेवर येत होतं तोवर त्याला कुठल्याच विषयावर मत नव्हतं. एकही हरकत आली नाही तर प्रक्रिया संशयास्पद दिसेल, म्हणून चौदाव्या दिवशी भोजराजांनी स्वतःच एक हरकत नोंदवली आणि सोमवारी तिच्यावर सुनावणी घेतली. हरकतदार आणि सुनावणी घेणारा एकच असल्यामुळे कोणी कोणाचं बोलणं तोडलं नाही. हरकत फेटाळण्यात आली. हरकतदार त्या दिवशी जरा घुश्शातच जेवला.

जुलैच्या सुरुवातीला चुन्नीलाल प्लंबरला बोलावणं गेलं. चुन्नीलाल आला, भिंतीवर दोनदा टिचकी मारली, वितीने ओटा मोजला आणि खिडकीतून बाहेर पाहिलं.

"साहेब, बारा फूट पाइप, दोन एल्बो, भिंतीले एक छेद. अर्ध्या दिवसाचं काम आहे," तो म्हणाला.

"क्रम काय राहील?"

"कायचा क्रम?"

भोजराजांनी त्याला खुर्ची दिली. अज्ञानी माणसाला ते उभं ठेवत नसत. "हे बघ. सिंक खिडकीखाली न्यायचं तर तिथली शेगडी ओट्याच्या दुसऱ्या टोकाला सरकली पाहिजे. त्या टोकाला लागून फ्रीज आहे. शेगडीची धग फ्रीजला चालत नाही, म्हणून फ्रीज हलला पाहिजे. फ्रीज जाणार सिंकच्या जागेवर. आणि सिंक तर अजून तिथंच आहे. मग आधी कोणी हलायचं?"

चुन्नीलालने डोकं खाजवलं. आजवर त्याने चाळीसेक सिंक बसवले होते, पण त्यांच्यात असा पेच आहे हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

"फ्रीज घंटाभर आंगनात काढून ठेवू ना, साहेब."

"म्हणजे तात्पुरती व्यवस्था."

"हाव. तेच ते."

"तेच ते कसं? तात्पुरती व्यवस्था करायची तर तिघांची सारखी करावी लागेल. एकट्या फ्रीजला बाहेर काढलं तर त्याला आधार काय?"

चुन्नीलालने आभाळाकडे पाहिलं. त्याच्या धानाच्या बांधीत चिखलणी झाली होती आणि रोवणीला माणसं ठरली होती. सांगतील ते करून मोकळं व्हावं, असा विचार करून त्याने सिंक भिंतीवरून सोडवलं, नळाच्या तोंडाला बूच मारलं, शेगडीची नळी काढली आणि तो रोवणीला निघून गेला. योजनेचा पहिला टप्पा पूर्ण झाला.

तात्पुरत्या व्यवस्थेनुसार फ्रीज बैठकीत टीव्हीशेजारी आला. शेगडी आणि सिलिंडर मागच्या आंगणात टिनाच्या छपराखाली गेले. सिंक आंगणाच्या भिंतीला टेकून ठेवलं, आणि शेजारची एक कोंबडी त्यात अंडी घालू लागली. भांडी घासायची ती आंगणाच्या कोपऱ्यातल्या नळाखाली. छपरापासून नळ अठरा फुटांवर. नऊ फुटांची अडचण सोडवायला घेतली आणि ती अठरा फुटांची झाली, हे दुलीचंदच्याही ध्यानात आलं होतं. पण जुनी अडचण कायमची होती आणि ही तात्पुरती होती. भोजराजांच्या मते ही प्रगतीच होती.

सगळा पावसाळा आणि त्यानंतरही सुमित्राबाईंनी टिनाखाली स्वयंपाक केला. पाऊस आडवा आला की त्या एका हाताने छत्री धरत आणि दुसऱ्या हाताने वरण ढवळत. पोळ्याला पाहुणे आले तेव्हा पुऱ्या तळताना कढईत थेंब पडून तेल उडत होतं. पाहुण्यांनी बैठकीतल्या फ्रीजमधून स्वतःच्या हाताने थंड पाणी काढून घेतलं आणि सोय चांगली केली असं म्हणाले. भोजराजांनी हा अभिप्राय फाइलला लावला.

इकडे स्वयंपाकघर रिकामं पडलं होतं. रिकाम्या जागेवर अतिक्रमण होतं, हा भोजराजांचा चौतीस वर्षांचा अनुभव. ते टाळण्यासाठी त्यांनी आपलं टेबल तिथं लावलं. खिडकीतून उजेड चांगला येई. ओट्यावर फाइली नीट रचता आल्या. डब्यांच्या फळीवर टाचण्या, डिंक आणि शिक्क्याची शाई आली. दाराबाहेर दुलीचंदचं स्टूल होतंच. पाण्याच्या फिल्टरला मात्र त्यांनी हात लावला नाही. कार्यालयात पिण्याचं पाणी लागतं.

एकदा रेणू फळीवरचा हळदीचा डबा घ्यायला आली.

"काय काम होतं?" दुलीचंदने विचारलं.

"हळद."

दुलीचंद आत जाऊन आला. "साहेब लिहून राहिले. बारानंतर या म्हनते."

रेणू आंगणात परत गेली आणि सासूला म्हणाली, "आत्याबाई, वरणात हळद बारा वाजता पडेल."

सुमित्राबाई उठल्या. हातातली पळी तशीच घेऊन त्या स्वयंपाकघराच्या दारात गेल्या. दुलीचंद उठून उभा राहिला. पळी पाहून तो जरा बाजूलाही झाला.

"अजी," त्या म्हणाल्या, "तुमच्या पणज्यानं तराव बांधला आनि दोन कोस पानी नेलं. साऱ्या गावाच्या बांध्या भिजवल्या. तुमाले नऊ फूट नेनं होऊन नाई राहिलं?"

भोजराजांनी चष्मा काढला. प्रश्न त्यांना गैर वाटला नाही. त्यांनी तो गांभीर्यानेच घेतला.

"त्या वेळी नियम नव्हते," ते म्हणाले. "म्हणून तो तलाव बांधला गेला."

सुमित्राबाईंनी हळदीचा डबा घेतला आणि परत गेल्या.

दिवाळी उलटली आणि एक नवीच बाब उघडकीला आली. सिंक खिडकीखाली गेलं की त्याचं सांडपाणी खिडकीबाहेरच्या चार हात रुंद पट्टीतून जाणार. ती पट्टी भोजराजांच्या वडिलांनी शेवटच्या दुखण्यात सुमित्राबाईंच्या नावावर करून दिली होती. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर तसं स्वच्छ लिहिलेलं होतं. म्हणजे जागामालकाची ना-हरकत लागणार. भोजराजांनी पत्र तयार केलं. 'प्रति, श्रीमती सुमित्राबाई कापगते, मुक्काम मागचे आंगण.' दुलीचंदने ते वीस पावलं चालत नेलं, पोचवहीवर त्यांची सही घेतली आणि वीस पावलं परत आला.

सुमित्राबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी पत्र वाचलं. मग सूप बाजूला ठेवून पुन्हा वाचलं.

"काय म्हनते?" रेणूने विचारलं.

"माह्या सिंकाले माही हरकत आहे का म्हनून विचारते." त्यांनी पदराने हात पुसले. "पेन आन बरं, बाई."

उत्तर त्याच संध्याकाळी गेलं. त्यात दिनांक होता, विषय होता, संदर्भ होता आणि सही कोपऱ्यात होती. मजकूर असा होता: 'आपले पत्र मिळाले. पाणी किती निघते हे पाहिल्याशिवाय हरकत आहे की नाही सांगता येत नाही. तरी अर्जदाराने दोन दिवस दोन्ही वेळचा भात स्वतः रांधावा, गंज स्वतः नळापर्यंत नेऊन त्यातले पाणी काढावे व भांडीही स्वतः घासावी. तशी पाहणी झाल्याशिवाय ना-हरकत मिळणार नाही.'

भोजराजांनी हे पत्र दोनदा वाचलं. रागावतील म्हणून दुलीचंद स्टुलावरून अर्धा उठला होता. पण भोजराजांचा चेहरा उजळला.

"दुलीचंद, असं मुद्देसूद पत्र मला चौतीस वर्षांत कोणी लिहिलं नाही," ते म्हणाले. "मोजमाप मागितलंय. रास्त आहे."

"म्हनजे साहेब, तुमी भात रांधनार?"

"सक्षम प्राधिकाऱ्याने मागितलंय. रांधावाच लागेल."

पहिल्या सकाळचा भात कच्चा राहिला, संध्याकाळचा खाली लागला. घरातल्या माणसांनी दोन्ही खाल्ले. काढलेलं पाणी भोजराजांनी लिटरच्या मापाने मोजून लिहून ठेवलं. गंज उचलताना फडकं कसं धरायचं ते त्यांनी कोणाला विचारलं नाही. बोटांना चटके बसत होते आणि अठरा फूट बरेच लांब होते. त्यांनी या अंतराची नोंद याआधी तीनदा केली होती. चालून कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या सकाळी ते गंज घेऊन निघाले. निम्म्या वाटेत ती कोंबडी सिंकातून उठली आणि त्यांच्या पायांमधून धावली. भोजराज थबकले, गंज थबकला नाही. उकळतं पाणी उजव्या पावलावर पडलं.

"माय वो, मेलो वो," भोजराज खाली बसले. चौतीस वर्षांची प्रमाण मराठी त्या पाण्याबरोबरच वाहून गेली. "पाय जरला माहा. अश्विनची माय, धाव लवकर."

सुमित्राबाई धावल्या. त्यांनी नवऱ्याला हाताला धरून मागच्या दाराच्या पायरीवर बसवलं आणि पाय थंड पाण्याच्या बादलीत बुडवला. रेणूने पंखा आणला. दुलीचंद दारात हात जोडून उभा राहिला. त्याला दुसरं काही सुचलं नाही.

पायाची आग जराशी कमी झाली. मग भोजराज म्हणाले, "हे तर तातडीचं काम हाय."

"जूनमंदी माहा पाय भाजला, तवा नव्हतं?" सुमित्राबाई बादलीत आणखी एक तांब्या ओतत म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता.

"तवा तू अर्जात तसं लिवाले पायजे होतं. तातडीच्या कामाची पद्धत वेगळी असते. एका दिवसात होते."

"लिवलं होतं."

"कुठी?"

"अर्जातच. त्यात दुसरं काय लिवनार होती मी?"

रेणू आत जाऊन फाइल घेऊन आली. पाच महिन्यांत ती वीतभर जाड झाली होती. अर्ज सगळ्यांत खाली होता. त्याच्या चारही कडांना भोजराजांचे शेरे होते, वरच्या कोपऱ्यात शिक्का होता आणि मध्ये दोन ओळी होत्या. पाय बादलीत ठेवून भोजराजांनी त्या वाचल्या. 'भाताचे गरम पाणी नेताना माझा पाय भाजला. सिंक शेगडीजवळ करून द्यावे, नाहीतर आणखी कोणाचा पाय भाजेल.' फाइलला लावताना पाडलेलं भोक पहिल्या ओळीतल्या 'भाजला' या शब्दातून नेमकं गेलं होतं.

भोजराजांनी कागद उलटा करून पाहिला. मागे मागच्या वर्षीचा जून महिना होता. त्यांनी तो पुन्हा सुलटा केला आणि पुन्हा वाचला. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. सुमित्राबाई त्यांच्याकडे न पाहता पावलावर ओलं फडकं ठेवत होत्या.

"तेव्हा लई दुखलं असंल," ते शेवटी म्हणाले.

"दुखलं."

दुलीचंद पुढे आला. "साहेब, यावर शेरा काय लिहू?"

"काई नको लिहू," भोजराज म्हणाले. "चुन्नीलालले बलाव."

चुन्नीलाल दीड वाजता आला. धान कापून झालं होतं, त्यामुळे तो मोकळाच होता. बारा फूट पाइप, दोन एल्बो, भिंतीला एक छेद. बैठकीतून काढलेला फ्रीज आंगणात पस्तीस मिनिटं उभा होता आणि त्याला काही झालं नाही. साडेचारला नळ सुरू झाला. भोजराजांचं टेबल ओसरीवर गेलं. फळीवरून शिक्क्याची शाई उतरली आणि हळद, मीठ, तिखट आपापल्या जागी चढले.

संध्याकाळी सुमित्राबाईंनी भात टाकला. तो शिजला तसा त्यांनी गंज उचलला, कमरेतून जराशा वळल्या आणि पाणी काढलं. एकही पाऊल उचलावं लागलं नाही. 'सरका' म्हणायला तोंड उघडलं होतं, ते त्यांनी तसंच मिटलं. मग उगाच एकदा नळ सोडला, पाणी खाली जाताना पाहिलं आणि बंद केला.

पुढच्या आठवड्यात बातमी गावभर झाली. बायका मागच्या दाराने आल्या. त्यांनी सिंक पाहिलं, शेगडी पाहिली, दोहोंमधलं अंतर हाताने मापलं आणि घरी गेल्या. चुन्नीलालला वाटलं होतं, आता चार कामं मिळतील. दोन दिवसांनी पुरुष पुढच्या दाराने आले. लंगडत लंगडत भोजराजांनी त्यांना सगळं दाखवलं. पुरुषांचं सिंककडे फारसं लक्ष नव्हतं. त्यांनी फाइल मागून घेतली, ओसरीवर बसून ती शेवटपर्यंत चाळली आणि फार कौतुक केलं. पाच महिने एक काम अंगावर न घेता चालू कसं ठेवता येतं, हे त्यांना प्रथमच इतकं व्यवस्थित कळत होतं. चौघांनी अर्जाचा नमुना उतरवून नेला. चुन्नीलालला अजून एकही काम आलेलं नाही.

भोजराजांना दोन ओळी वाचायला पाच महिने लागले, याचं कोणाला हसू आलं तर हरकत नाही. पण हसून झाल्यावर आपल्या स्वयंपाकघराच्या दारात उभं राहावं आणि इथलं काय हलवायचं राहिलंय, ते आत विचारावं. उत्तर लगेच मिळेल. ते किती वर्षांपासून तयार आहे, एवढं मात्र विचारू नये.